तंजावरची पीरंगी, फिरंग्यांची बंदूक

आधी एक कोडं. एकच शब्द मराठीत आला आणि त्याची तलवार झाली, तमिळमध्ये गेला आणि त्याची तोफ झाली. कोणता? उत्तर आहे 'फिरंगी'. युरोपातून आलेलं लांब, सरळ पातं आपल्या लोहारांनी आपल्या मुठीत बसवलं आणि ती 'फिरंग' झाली. तमिळ मुलखाच्या लक्षात मात्र फिरंग्याबरोबर राहिली त्याची तोफ. म्हणून तिथं तोफेलाच 'पीरंगी' म्हणू लागले आणि आजही तेच म्हणतात.

फिरंग आणि पीरंगी हे दोन्ही शब्द एकाच गावात, एकाच दरबारात ऐकू यायचे. ते गाव तंजावर. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे १६७५-७६ च्या सुमारास इथल्या गादीवर बसले. तेव्हापासून १८५५ पर्यंत कावेरीच्या काठावर भोसल्यांचं राज्य नांदलं. एवढ्या काळात या भाताच्या कोठारावर कोण चालून आलं नाही? अर्काटचा नवाब आला, फ्रेंच आले, इंग्रज आले, हैदर आला. यातल्या युरोपीय पाहुण्यांची वखार किनाऱ्यावर असायची आणि वखारीत कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी बंदुकाही असायच्या. परदेशी बंदूक विकत घ्यायची की ती चालवणारा परदेशी भाड्यानं ठेवायचा, हा प्रश्न तंजावरच्या जवळपास प्रत्येक राजापुढे उभा राहिला. त्या प्रश्नातून निघालेल्या या गोष्टी.

नाव फिरंगी, घडण देशी

तंजावरच्या जुन्या कोटाच्या पूर्व दरवाजाशी, कीळ अलंगम भागात, एका उंचवट्यावर एक अजस्र तोफ पडलेली आहे. लांबी सुमारे २५ फूट, वजन सुमारे २२ टन. तिचं नाव राजगोपाल. ज्या टेकाडावर ती आहे त्याला लोक पीरंगी मेडू म्हणतात, म्हणजे तोफेचं टेकाड. मराठे येण्याआधी, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, रघुनाथ नायकाच्या काळात ती घडली.

गंमत तिच्या घडणीत आहे. तिला फिरंग्यांचं नाव लागलं असलं, तरी साच्यात लोखंड ओतून ती केलेली नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या जुळवून नळी केली, त्यावर तापवून लाल केलेली कडी एकापुढे एक चढवली आणि ठोकून ठोकून एकजीव केली. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार जे करतो तेच हे काम, फक्त राक्षसी मापाचं. या पद्धतीत इथले लोहार तरबेज होते. उन्हापावसात चारशे वर्षं राहूनही ती तोफ अजून जागेवर आहे.

सोन्याच्या पत्र्यावरचं पत्र

याच रघुनाथ नायकाकडे १६२० मध्ये डेन्मार्कचे लोक आले. ओव्हे येद्दे हा त्यांचा म्होरक्या. नायकानं त्यांना समुद्रकाठचं तरंगंबाडी हे गाव वार्षिक भाड्यानं दिलं. भाडं ३,१११ रुपये, असा आकडा चालत आलेला आहे. नायकानं डेन्मार्कच्या राजाला, चौथ्या ख्रिश्चनला, सोन्याच्या पत्र्यावर तमिळमध्ये पत्र पाठवलं आणि ते पत्र आजही डेन्मार्कमध्ये जपून ठेवलेलं आहे. डेन्मार्कवाल्यांनी गावात डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला आणि १८४५ मध्ये इंग्रजांना सगळं विकून ते निघून गेले.

एका लहानशा राज्याच्या किनाऱ्यावर किती झेंडे फडकत होते ते पाहा. तरंगंबाडीला डेन्मार्क. नागपट्टणमला आधी पोर्तुगीज आणि १६५८ पासून डच. कारैकलला १७३९ पासून फ्रेंच. कोळ्ळिडम नदीच्या मुखाशी देवीकोट्टै इथं १७४९ पासून इंग्रज. तंजावरहून निघालेल्या घोडेस्वाराला यांतल्या कुठल्याही ठिकाणी दोन-तीन दिवसांत पोचता येई. बंदूक हवी तर दुकानं चार होती. अडचण अशी, की चारही दुकानदारांचा डोळा घरावर होता.

महाराजांनाही नकार मिळाला

हा अनुभव थोरल्या घराला आधीच आलेला होता. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवला आणि स्वतः गडावर मारा केला. शिवाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटून त्या इंग्रजांना कैदेत टाकलं. फ्रेंचांकडून त्यांनी ८० तोफा आणि तोड्याच्या बंदुकांसाठी शिसं विकत घेतल्याची नोंद आहे.

१६७७ च्या दक्षिण दिग्विजयात महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांना पत्रं लिहिली. पहिल्या पत्रात विषावरचे उतारे आणि औषधी वस्तू मागितल्या. इंग्रजांनी त्या लगेच नजराणा म्हणून पाठवल्या, पैसेही घेतले नाहीत. पुढे महाराजांनी तोफा आणि सुरुंगाच्या कामातले जाणकार मागितले. तेव्हा मद्रासवाल्यांनी गोड शब्दांत नकार दिला. वस्तू मिळते, विद्या मिळत नाही. त्याच वर्षी महाराज आणि व्यंकोजीराजे कोळ्ळिडमच्या काठी भेटले. दोघा भावांत वाटणीवरून पुढे लढाईही झाली, पण तो विषय वेगळा.

तोडा, चकमक आणि घोडा

आता थोडं बंदुकीच्या पोटात शिरू. 'बंदूक' हा शब्द अरबी. मुळात तो एका कठीण कवचाच्या फळाचं नाव. फळासारखी गोळी, म्हणून गोळी फेकणारं हत्यारही तेच. 'तोफ' तुर्की. तमिळमधली बंदूक, 'तुप्पाक्की', हीसुद्धा तुर्की 'तुफेक'ची नात. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' पोर्तुगिजांकडून आले. 'गारदी' हा शब्द फ्रेंच 'गार्द'वरून. 'दारू' फारसी आणि फारसीत तिचा अर्थ औषध! मात्र बंदुकीच्या आतल्या भागांची नावं पाहिली तर नळी, घोडा, ठासणी, तोडा. हत्यार बाहेरून आलं. ते उघडून, दुरुस्त करून, पुन्हा जुळवणारा हात मात्र इथलाच होता, हे या शब्दांवरून कळतं.

तोड्याची बंदूक म्हणजे सोऱ्यात भिजवलेली, धुमसत राहणारी सुताची दोरी घोड्याला अडकवायची, ती रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, टेकवायची की बार उडाला. फायदे मोठे. बनवायला स्वस्त, कुठल्याही गावच्या लोहाराला दुरुस्त करता येणारी, आणि आपल्याकडच्या नळ्या लांब असल्यामुळे गोळी दूर व नेमकी जाई. हे त्या काळच्या इंग्रजांनीही मान्य केलेलं आहे. तोटा असा की पावसात दोरी विझते, रात्री तिचा निखारा शत्रूला दिसतो आणि शेजारच्याची दारू पेटण्याची भीती कायम. ईशान्य मोसमी पाऊस ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरात झोडपणाऱ्या तंजावरला पहिली अडचण फारच जाचत असणार.

युरोपीय पलटणींकडे चकमकीची बंदूक होती. गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी पडते, बार होतो. कागदात बांधलेलं तयार काडतूस दातानं फाडायचं, ठासायचं, उडवायचं. कसलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. नेम यथातथाच. शंभर यार्डांपलीकडे एका माणसाला टिपायची खात्री नाही. पण शंभर माणसं एका हुकुमावर, एका रांगेत, एकदम बार काढतात तेव्हा नेमाची गरज राहत नाही. खरं आयात झालेलं हत्यार म्हणजे ही कवायत. बंदूक पेटीतून येते. कवायत रोज सकाळी पटांगणात करावी लागते आणि तिचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. पगार वेळेवर देणाऱ्याकडे पलटण टिकते, हे साधं गणित होतं. इंग्रजांनी ते पाळलं, आपल्या बहुतेक राजांना ते झेपलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्लाइव्ह वाचला, थोडक्यात

१७४९ मध्ये देवीकोट्टैवर इंग्रज चालून आले. तंजावरच्या गादीवर तेव्हा प्रतापसिंह होते. तटाला पडलेल्या खिंडाराकडे धावणाऱ्या इंग्रज तुकडीवर तंजावरचे स्वार पाठीमागून तुटून पडले आणि त्यांनी ती जवळपास कापून काढली. जे मोजके वाचले त्यांत एक पंचविशीच्या आतला लेफ्टनंट होता. एका स्वारानं त्याच्यावर तलवार उगारलेली होती, तो कसाबसा निसटला. त्याचं नाव रॉबर्ट क्लाइव्ह. आठ वर्षांनी प्लासीची लढाई झाली ती याच क्लाइव्हच्या हातून.

नाणी मोजत बसा

त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रेंचांचे मित्र चंदासाहेब आणि मुजफ्फरजंग फ्रेंच पलटण घेऊन तंजावरच्या तटाखाली आले. मागणी खंडणीची. प्रतापसिंहांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी फक्त घाई केली नाही. एक दिवस सोन्याचांदीची भांडी पाठवली. त्यांच्या वजनावर आणि कसावर वाद. दुसऱ्या दिवशी जुनी, चलनातून गेलेली नाणी. त्यांच्या भावावर वाद. मग जडजवाहीर. पुन्हा किमतीवर वाद. तिकडे निजामाचा मुलगा नासिरजंग मोठी फौज घेऊन कर्नाटकाकडे निघाल्याची बातमी आली आणि वेढा उठला. सराफाचा तराजूही तटावरच्या तोफेइतकाच उपयोगी पडतो, हे तंजावरनं दाखवलं.

पण या घासाघिशीत एक कागद मागे राहिला. ५६ लाखांचा कर्जरोखा. तो फ्रेंचांकडे पाँडिचेरीत पडून होता.

लालीची काठी

नऊ वर्षांनी, १७५८ मध्ये, तो कागद हातात घेऊन काउंट लाली आला. फ्रान्सच्या राजानं इंग्रजांना हिंदुस्थानातून हुसकायला पाठवलेला हा सेनापती. शूर होता, पण तापट, आणि या देशाला मुळीच न ओळखणारा. मद्रासवर जायला त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून आधी तंजावर.

कारैकलहून किवळूर, तिरुवारूर असा त्याचा मार्ग. वाटेत त्यानं देवळं खणून पाहिली. खजिना निघाला नाही. किवळूरला हेर समजून त्यानं काही ब्राह्मणांना तोफेच्या तोंडी दिलं. यानंतर सबंध मुलूख त्याच्याविरुद्ध गेला. धान्य मिळेना, गुरं मिळेनात, वाटाड्या मिळेना. कावेरीच्या पाटांनी कापलेल्या भातशेतीतून तोफा ओढायच्या होत्या. चिखलात रुतलेलं तोफेचं चाक कुठल्याही देशाच्या सेनापतीला सारखंच दमवतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला फ्रेंच तोफा तंजावरच्या तटावर धडाडू लागल्या. भिंतीला खिंडार पडू लागलं, तसा फ्रेंचांचा दारूगोळा संपत आला. तटात तंजावरचा सेनापती मानोजी होता आणि त्रिचनापल्लीहून इंग्रजांनी धाडलेले शिपाई मदतीला होते. तेवढ्यात ३ ऑगस्टला समुद्रावर इंग्रज व फ्रेंच आरमारांची झुंज झाली आणि फ्रेंच आरमाराला माघार घ्यावी लागली. कारैकलचा किनारा उघडा पडला. बंदूक जहाजातून येत असेल तर काडतूसही जहाजातूनच येतं. जहाज हटलं की बंदुकीची काठी होते.

काठीचा प्रसंग तर अक्षरशः घडला. फ्रेंच निघायच्या बेतात असताना एका पहाटे तंजावरचे सुमारे पन्नास स्वार शांतपणे छावणीत आले. सांगितलं, आम्हाला फ्रेंचांची चाकरी करायची आहे. लाली एका धर्मशाळेत उतरला होता, तो बाहेर आला. म्होरक्या पुढे सरकला आणि त्यानं लालीच्या डोक्यावर तलवारीचा वार केला. लालीच्या हातात त्या वेळी होती काठी. तिच्यावर त्यानं वार झेलला आणि त्याच्या चाकरानं म्होरक्याला गोळी घातली. मग गोंधळ उडाला, दारूची एक गाडी पेटली, पुष्कळ स्वार मेले. त्याच सुमारास गडातूनही हल्ला झाला. १० ऑगस्टला लाली निघाला. जड तोफा त्याला मागे टाकाव्या लागल्या. त्या पन्नासांपैकी एकाचंही नाव मला वाचायला मिळालेलं नाही. सिंहगडावर दोर कापणाऱ्यांइतकेच ते आपले होते.

जेवणाची वेळ

वाचवायला आलेला मित्र पंधरा वर्षांत मारायला आला. अर्काटच्या नवाबाला तंजावरची खंडणी हवी होती आणि इंग्रजांचं नवाबाकडे मोठं कर्ज होतं. म्हणून नवाबाच्या वतीनं इंग्रज फौज जनरल जोसेफ स्मिथच्या हाताखाली तंजावरवर चालून गेली. एकदा १७७१ मध्ये, तेव्हा तटाला खिंडार पडल्यावर तह झाला. आणि पुन्हा १७७३ मध्ये.

या दुसऱ्या वेढ्याचा शेवट मला नेहमी अस्वस्थ करतो. १७ सप्टेंबरला तंजावरचे तेव्हाचे राजे तुळजाराजे यांची फौज पहाटेपासून खिंडाराशी हल्ल्याची वाट बघत उभी होती. हल्ले पहाटेच होतात, हा जुना अनुभव. सूर्य डोक्यावर आला, हल्ला आला नाही. उन्हानं करपलेली माणसं जेवायला आणि विसाव्याला मागे सरकली. नेमक्या त्या वेळी, दुपारी बारा वाजून गेल्यावर, इंग्रज आत शिरले. फारसा प्रतिकार झालाच नाही. राजा कैद झाला.

आणखी एक तारीख शेजारी ठेवा. ३० ऑगस्ट १७७३, पुण्याचा शनिवारवाडा, नारायणराव पेशव्यांचा खून. मारेकरी गारदी, म्हणजे युरोपीय धर्तीवर कवायत शिकवून पगारावर ठेवलेले बंदूकधारी. मराठ्यांच्या दोन राजधान्यांवर अठरा दिवसांच्या अंतरानं घाव पडला. एका ठिकाणी परदेशी पलटण तटावरून आली, दुसऱ्या ठिकाणी परदेशी धर्तीची पलटण दिंडीतून आली.

तंजावरनं बुडवलेले दोन साहेब

लालीचा पुढे पाडाव झाला, तो फ्रान्सला परतला आणि १७६६ मध्ये पॅरिसला त्याचा शिरच्छेद झाला. हिंदुस्थानातलं अपयश त्याच्या माथी मारलं गेलं आणि त्या अपयशाची सुरुवात तंजावरची. दुसरा मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट. लंडनच्या हुकुमावरून त्यानं एप्रिल १७७६ मध्ये तुळजाराजांना गादी परत दिली. नवाबाला कर्ज दिलेल्या मद्रासच्या इंग्रजांचे पैसे यात अडकले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पिगटच्या स्वतःच्या कौन्सिलनं त्याला अटक केली आणि १७७७ मध्ये तो अटकेतच मेला. इंग्रजांनी इंग्रज गव्हर्नरलाच कैद केलं, तेही एका मराठी राज्यावरून!

हिंदुस्थानसाठी बनली, युरोपात लढली

ईस्ट इंडिया कंपनीनं आपल्या फौजेसाठी चकमकीच्या बंदुकीचा एक सोपा, स्वस्त नमुना करवून घेतला होता. नळी ३९ इंच, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या बंदुकीपेक्षा तीन इंच आखूड. नावच पडलं 'इंडिया पॅटर्न'. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिश सरकारकडे बंदुका पुरेनात. त्यांनी कंपनीचा साठा विकत घेतला आणि १७९७ मध्ये हाच नमुना आपल्या लष्कराचा अधिकृत नमुना केला. नेपोलियनविरुद्ध इंग्रज पायदळ लढलं ते मुख्यतः या हिंदुस्थानी नमुन्यावर.

आणि नेपोलियनच्या पाडावाचं स्मारक कुठं आहे? तंजावरच्या किनाऱ्यावर! दुसऱ्या सरफोजीराजांनी १८१४ च्या सुमारास मल्लिपट्टणमजवळ समुद्रकाठी 'मनोरा' हा आठ मजली मिनार बांधला. इंग्रजी शस्त्रांचा जय आणि बोनापार्टचा पाडाव याची आठवण म्हणून. शिलालेखात मराठीही आहे. १७९९ च्या तहानं सरफोजींनी राज्यकारभार कंपनीकडे सोपवलेला होता. ग्रंथ, वैद्यक, छापखाना, संगीत यांत त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. हत्यारांशी त्यांचं नातं उरलं शिकारीचं. १८२६ मध्ये त्यांना भेटलेल्या बिशप हेबरनं लिहून ठेवलंय की हा राजा वाघावर थंड डोक्यानं, न डगमगता, अचूक गोळी झाडतो, आणि परिसरातले इंग्रज अधिकारीही त्याच्या नेमबाजीला मान देतात. याच राजानं १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला. उत्तरेत असईला इंग्रजांनी शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या पलटणी मोडल्या, तेही १८०३ मध्येच.

रायफल आली, राज्य नव्हतं

एक बारकावा सांगायलाच हवा. वर ज्या बंदुका आल्या त्या रायफली नव्हेत. त्यांची नळी आतून गुळगुळीत. रायफलीच्या नळीत पिळदार खाचा असतात, गोळी भोवऱ्यासारखी फिरत निघते आणि म्हणून कित्येक पट लांब, सरळ जाते. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल हिंदुस्थानी शिपायांच्या हाती देण्याची सुरुवात १८५७ मध्ये झाली आणि तिच्या काडतुसानं काय पेटलं ते आपण जाणतोच. तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारले होते आणि कंपनीनं राज्य खालसा केलं होतं. राणी कामाक्षीबाई त्यासाठी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढल्या. १८५९ मध्ये निकाल विरुद्ध गेला.

भंगाराच्या भावात

राजवाड्याचं शस्त्रागार तेव्हा भरलेलं होतं. युरोपीय पात्यांच्या कट्यारी आणि फिरंगी, अंकुश, भाले, हस्तिदंती वळरी, म्हणजे फेकून मारायची वाकडी दांडी. १८६० नंतरच्या काही वर्षांत सरकारनं हे सगळं बाहेर काढलं. निवडक नग मद्रासच्या संग्रहालयात गेले. उरलेला ढीग मोडून जुनं लोखंड म्हणून विकला गेला. वॉलहाउस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७८ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त त्यावर हळहळून लेख लिहिला. तंजावरच्या काही कट्यारी आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

तंजावरला जाणारा मराठी माणूस मोठं देऊळ पाहतो, सरस्वती महाल ग्रंथालयात डोकावतो आणि परततो. पुढच्या खेपेला पूर्व दरवाजाजवळच्या टेकाडावर रिक्षा न्यायला सांगा, 'पीरंगी मेडू' म्हटलं की पुरे. आणि परतीची गाडी चेन्नईहून असेल तर एग्मोरच्या सरकारी संग्रहालयातल्या शस्त्रदालनाला एक तास द्या. भंगारातून वाचलेली तंजावरची हत्यारं तिथं आहेत.